स्मार्टफोनवरील पर्यायी कार्यप्रणाली आणि आरंभकाळातील इशारे : अर्थ, कारणे व निवारण

गोषवारा

स्मार्टफोनवर उत्पादकाने दिलेल्या कार्यप्रणालीऐवजी अन्य कार्यप्रणाली स्थापित केल्यास फोन सुरू होताना पडद्यावर इशारा उमटतो. हा इशारा म्हणजे बिघाड आहे असे समजून तो घालविण्याच्या खटपटीत अनेकदा सुस्थितीतील फोन निकामी होतो. वस्तुतः हे इशारे फोनमधील आज्ञावलीची जबाबदारी कोणाकडे आहे याची नोंद करीत असतात. प्रस्तुत लेखात अँड्रॉइड फोनच्या संदर्भात या इशाऱ्यांमागील यंत्रणा, स्थापनेची प्रक्रिया, सामान्य अडचणी व त्यांचे निवारण यांचा परामर्श घेतला असून महाविद्यालयीन वापराच्या दृष्टीने काही मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

बीजसंज्ञा : अँड्रॉइड, बूटलोडर, पर्यायी फर्मवेअर, सांकेतिक स्वाक्षरी, पडताळणीयुक्त आरंभ.

१. प्रस्तावना

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले स्मार्टफोन परत करण्याचे आंदोलन केले. पोषण अभियानांतर्गत मिळालेले हे फोन सुमारे दोन वर्षांतच कामास अपुरे पडू लागले होते. फोन तापतो, मध्येच अडकतो, दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागतो आणि माहिती भरण्याचे अॅप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. हा प्रश्न केवळ एका खात्यापुरता नाही. सुस्थितीत असलेले यंत्र आज्ञावली जुनी झाल्यामुळे निरुपयोगी ठरणे हा अनुभव आज घरोघरी व महाविद्यालयांतूनही येतो. उत्पादकाने सुरक्षा-सुधारणा पाठविणे थांबविले की चांगला पडदा आणि चांगला कॅमेरा असलेला फोनही कपाटात पडून राहतो.

अशा फोनवर स्वयंसेवी विकासकांनी तयार केलेली पर्यायी कार्यप्रणाली बसवून त्याचे आयुष्य वाढविता येते, हे संगणकशास्त्राच्या अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. ते हा प्रयोग करतात, आणि नंतर पडद्यावर उमटणारा इशारा घेऊन शिक्षकांकडे येतात. त्या वेळी शिक्षकाने काय सांगावे? या प्रश्नाचे उत्तर देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) फोन सुरू होताना होणाऱ्या पडताळणीचे स्वरूप समजून घेणे.
२) इशाऱ्यांच्या रंगांचा नेमका अर्थ स्पष्ट करणे.
३) स्थापनेच्या प्रक्रियेतील टप्पे व संभाव्य चुका मांडणे.
४) महाविद्यालयात अशा फोनचा वापर कोठे करावा व कोठे करू नये, याचा विचार करणे.

२. पार्श्वभूमी

अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, २००८ मध्ये बाजारात आला. अँड्रॉइडचा मूळ आज्ञासंच खुला असल्याने त्यात बदल करून स्वतःची आवृत्ती तयार करणे शक्य होते. स्टीव्ह कॉन्डिक यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ‘सायनोजेनमॉड’ ही अशी सर्वांत प्रसिद्ध आवृत्ती होय. त्याच वर्षी गूगलने स्वतःची बंदिस्त अॅप्स तिच्यासोबत वाटण्यास हरकत घेतली. तेव्हापासून मूळ प्रणाली आणि गूगलची अॅप्स स्वतंत्रपणे बसविण्याचा प्रघात पडला. या प्रकल्पातून निघालेल्या कंपनीने २०१६ च्या अखेरीस आपल्या सेवा बंद केल्या आणि विकासकांच्या समुदायाने तेच काम ‘लिनिएजओएस’ या नावाने पुढे चालू ठेवले.

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरी मजकुराच्या जागी बहुधा रिकामे चौकोन दिसत. जोडाक्षरे व वेलांट्या योग्य जागी उमटाव्यात यासाठी प्रणालीच्या अंतर्भागात फेरफार करणे हाच अनेकांपुढील मार्ग होता. कार्यप्रणालीच्या भाषांच्या यादीत मराठीचा समावेश २०१४ मधील ५.० या आवृत्तीपासून झाला. दरम्यान आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी भारतीय भाषांसाठी अँड्रॉइडवर आधारित ‘फर्स्टटच’ ही प्रणाली विकसित केली. ती २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या फोनवर आली आणि पुढे ‘इंडस ओएस’ या नावाने ओळखली गेली.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. ‘इंडस ओएस’ ही पर्यायी प्रणाली असली तरी ती फोनच्या उत्पादकाने स्वतः बसविली होती. म्हणून तो फोन सुरू होताना कोणताही इशारा येण्याचे कारण नव्हते. तीच प्रणाली एखाद्या वापरकर्त्याने घरी बसविली असती तर चित्र वेगळे दिसले असते. प्रणाली कोणती आहे यापेक्षा ती कोणाच्या स्वाक्षरीने आली आहे, यावर इशारा अवलंबून असतो.

३. फोन सुरू होताना काय घडते?

ही यंत्रणा समजण्यासाठी अध्यापकांच्या नित्य परिचयातील उदाहरण घेऊ. विद्यापीठाकडून परीक्षा केंद्रावर आलेले प्रश्नपत्रिकांचे सीलबंद पाकीट उघडण्यापूर्वी केंद्रप्रमुख मोहर पाहतात, ती अभंग असल्याची नोंद करून साक्षीदारांच्या सह्या घेतात आणि मगच पाकीट पर्यवेक्षकांच्या हाती जाते. प्रत्येक टप्प्यावर आधीची व्यक्ती पुढच्या टप्प्याची खातरजमा करते.

फोनमध्ये हेच घडते. चिपमध्ये कायमस्वरूपी कोरलेली आज्ञावली प्रथम जागी होते. ती बूटलोडर या आरंभक आज्ञावलीची सांकेतिक स्वाक्षरी तपासते. बूटलोडर पुढे कार्यप्रणालीच्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची, आणि इतर विभागांची स्वाक्षरी तपासतो. अँड्रॉइडच्या ८.० या आवृत्तीपासून या तपासणीसाठी ‘व्हीबीमेटा’ नावाचा स्वतंत्र छोटा विभाग वापरात आला. कोणत्या विभागाची ओळख काय असावी, याची स्वाक्षरीयुक्त यादी त्यात असते.

कार्यप्रणालीचा मुख्य विभाग मोठा असल्याने तो प्रत्येक वेळी संपूर्ण वाचून तपासणे शक्य नसते. त्यासाठी अँड्रॉइड ४.४ पासून ‘डीएम-व्हेरिटी’ ही पद्धत उपलब्ध झाली. विभागाचे ४ किलोबाइटचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा ३२ बाइटचा गणिती ठसा काढला जातो. १ गिगाबाइटच्या विभागात असे २,६२,१४४ तुकडे होतात. एका तुकड्याच्या जागेत १२८ ठसे मावतात. म्हणून पहिल्या पातळीवरील ठशांना २,०४८ तुकडे लागतात, त्यांच्या ठशांना १६ आणि त्या सोळांच्या ठशांना १. या शेवटच्या तुकड्याच्या ठशावर उत्पादकाची स्वाक्षरी असते. विभागातील एक अक्षर जरी बदलले तरी त्याचा परिणाम पायरीपायरीने शिखरापर्यंत पोहोचतो आणि बदल उघडकीस येतो. तुकडा वाचण्याची वेळ येते तेव्हाच त्याची तपासणी होत असल्याने फोनचा वेगही फारसा मंदावत नाही.

स्वाक्षरी काय सिद्ध करते, याविषयी गैरसमज असू नये. सोलापुरी चादरीवरील भौगोलिक मानांकनाचे चिन्ह तिचे मूळ सांगते. एखाद्या चादरीची वीण कशी आहे ते हात लावूनच पाहावे लागते. त्याचप्रमाणे स्वाक्षरी आज्ञावलीचा कर्ता कोण व तीत नंतर फेरफार झाला आहे काय, एवढेच सांगते. ती निर्दोष असल्याची हमी स्वाक्षरीतून मिळत नाही.

४. इशाऱ्यांचे रंग व त्यांचे अर्थ

पडताळणीच्या निष्कर्षानुसार अँड्रॉइडमध्ये चार अवस्था कल्पिल्या आहेत.

हिरवी अवस्था : बूटलोडर कुलूपबंद आहे आणि सर्व विभागांवर उत्पादकाची स्वाक्षरी जुळते. या अवस्थेत कोणताही इशारा येत नाही.

पिवळी अवस्था : बूटलोडर कुलूपबंद आहे, परंतु स्वाक्षरी उत्पादकाची नसून वापरकर्त्याने नोंदविलेल्या अन्य किल्लीची आहे. फोनवर वेगळी कार्यप्रणाली असल्याचे सांगून त्या किल्लीचा ठसा पडद्यावर दाखविला जातो. विकासकाने प्रसिद्ध केलेल्या ठशाशी तो ताडून पाहावा. दोन्ही जुळत असतील तर चिंतेचे कारण नाही. ही सोय गूगल पिक्सेलसारख्या मोजक्याच फोनवर मिळते.

नारिंगी अवस्था : बूटलोडरचे कुलूप उघडे आहे. आतील आज्ञावली कोणाची आहे याची खात्री फोन देऊ शकत नाही आणि फोनवर संवेदनशील माहिती ठेवू नये, असा याचा आशय असतो. सुमारे १० सेकंदांनंतर फोन पुढे सुरू होतो. पर्यायी प्रणाली वापरणाऱ्या बहुतेकांना दिसणारा इशारा हाच होय.

लाल अवस्था : हिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात डीएम-व्हेरिटीच्या तपासणीत विसंगती आढळलेली असते. फोन आधी स्वतःच पुन्हा सुरू होऊन पाहतो. तरीही विसंगती राहिल्यास फोन विश्वासार्ह नसल्याचा इशारा येतो आणि वापरकर्त्याने कळ दाबून संमती दिल्यासच तो पुढे जातो. दुसऱ्या प्रकारात वैध कार्यप्रणालीच सापडत नाही. येथे पुढे जाण्याचा मार्ग नसतो आणि थोड्या वेळाने फोन बंद होतो.

उत्पादकागणिक इशाऱ्याचे शब्द, चित्रे आणि कालावधी यांत फरक आढळतो. तथापि वरील चौकट समान असते. काही जुन्या फोनवर रंगाऐवजी उघड्या कुलपाचे चित्र दिसते. त्याचा अर्थ नारिंगी अवस्थेचाच घ्यावा.

५. स्थापनेची प्रक्रिया

येथे कोणत्याही एका फोनची तपशीलवार कृती दिलेली नाही, कारण ती फोननुसार बदलते. सर्वसाधारण क्रम मात्र पुढीलप्रमाणे असतो.

(अ) पूर्वतयारी : फोनचे केवळ बाजारातील नाव पुरेसे नसते, त्याचा नेमका प्रारूप-क्रमांक पाहावा. एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिपचे फोन विकले जातात. सर्व माहितीची प्रत अन्यत्र काढून घ्यावी, गूगल खाते फोनमधून काढावे आणि बॅटरी पुरेशी भरलेली असावी. संगणकावर उतरविलेल्या फाइलचा ठसा प्रकल्पाने दिलेल्या ठशाशी जुळतो काय, हे तपासावे. अर्धवट उतरलेली फाइल हे पुढील अनेक अडचणींचे मूळ असते.

(आ) कुलूप उघडणे : ‘बिल्ड नंबर’ या नोंदीवर सात वेळा स्पर्श केल्यास विकासकांसाठीचे पर्याय दिसू लागतात. त्यांतील ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय चालू करून संगणकावरून फास्टबूट आज्ञेद्वारे कुलूप उघडले जाते. त्या क्षणी फोनमधील वापरकर्त्याची सर्व माहिती पुसली जाते. ही त्रुटी नव्हे. चोरलेल्या फोनचे कुलूप उघडून मालकाची माहिती वाचता येऊ नये, यासाठी केलेली ती योजना आहे. काही उत्पादक यासाठी खात्याची नोंदणी व प्रतीक्षाकाल आवश्यक मानतात, तर काहींनी ही सोयच ठेवलेली नाही. अशा फोनच्या बाबतीत विषय येथेच संपतो.

(इ) रिकव्हरी बसविणे : प्रणाली बसविण्यासाठी व दुरुस्तीसाठी असलेला ‘रिकव्हरी’ हा छोटा विभाग बदलावा लागतो. प्रकल्पाने त्याच फोनसाठी दिलेला रिकव्हरीच वापरावा.

(ई) प्रणाली बसविणे : रिकव्हरीतून जुनी माहिती पूर्णपणे पुसून (‘फॉरमॅट डेटा’) नवी प्रणाली संगणकावरून पाठविली जाते. गूगलची अॅप्स हवी असल्यास ती फोन प्रथम सुरू करण्यापूर्वीच बसवावीत. पहिला आरंभ नेहमीपेक्षा बराच वेळ घेतो. त्या काळात फोन मध्येच बंद करू नये.

६. अडचणी व त्यांचे निवारण

नारिंगी इशारा वारंवार येणे : कुलूप उघडे असेपर्यंत तो येणारच. त्यावर उपाय शोधण्याची आवश्यकता नाही. इशाऱ्याचे चित्र बदलून तो लपविण्याच्या युक्त्या काहीजण वापरतात. त्यामुळे फोनची अवस्था बदलत नाही, मात्र पुढे तो फोन विकत घेणाऱ्याची फसवणूक होते.

कुलूप पुन्हा लावल्याने आलेला लाल इशारा : सर्व चुकांत ही अधिक घातक होय. आमच्या विभागात वाचनासाठी ठेवलेल्या एका जुन्या फोनवर विद्यार्थ्याने पर्यायी प्रणाली यशस्वीरीत्या बसविली होती. केवळ नारिंगी पडदा दिसू नये म्हणून त्याने बूटलोडरला पुन्हा कुलूप लावले. कुलूप लागताच पडताळणी सक्तीची झाली, उत्पादकाची स्वाक्षरी न सापडल्याने फोनने ती प्रणाली नाकारली, आणि वैध कार्यप्रणाली नसल्याचा लाल इशारा आला. कुलूप पुन्हा उघडावे, तर त्यासाठीचा पर्याय सुरू न होणाऱ्या प्रणालीच्या आत बंद केलेला होता. फोन अखेर सेवा केंद्राकडे न्यावा लागला. म्हणूनच उत्पादकाची मूळ प्रणाली पूर्णपणे परत बसवून ती व्यवस्थित सुरू झाल्याशिवाय कुलूप लावू नये, हा नियम विद्यार्थ्यांना आधीच सांगणे इष्ट ठरते. स्वतःची किल्ली नोंदविण्याची सोय असलेले फोन याला अपवाद आहेत.

विसंगतीचा लाल इशारा : कुलूप उघडे असताना तो आल्यास प्रणालीचा विभाग बदलला गेला आहे, पण व्हीबीमेटातील यादी जुनीच आहे, असा संभव असतो. प्रणाली तिच्या संपूर्ण संचासह पुन्हा बसविल्यास बहुधा तो जातो. कोणताही बदल न केलेल्या फोनवर असा इशारा आला तर अर्धवट राहिलेले अद्ययावतीकरण किंवा साठवणीच्या चिपमधील बिघाड यांची शक्यता लक्षात घेऊन माहितीची प्रत शक्य तितक्या लवकर काढावी व सेवा केंद्राशी संपर्क साधावा.

बोधचिन्हावरच फोन अडकणे : जुन्या प्रणालीची माहिती पुसलेली नसणे हे याचे नेहमीचे कारण होय. जुनी माहिती ज्या किल्लीने गूढ केलेली असते ती नव्या प्रणालीकडे नसते. माहिती सदोष असू शकते असे सांगणारा रिकव्हरीचा पडदाही याच कारणाने येतो. दोन्ही प्रसंगी ‘फॉरमॅट डेटा’ हा उपाय लागू पडतो. मोडेम आदी भागांचे फर्मवेअर प्रणालीला अपेक्षित असलेल्या आवृत्तीचे नसल्यासही फोन अडकतो किंवा नेटवर्क मिळत नाही.

दोन संचांचा घोळ : अँड्रॉइड ७.० पासून अनेक फोनमध्ये प्रणालीचे ‘ए’ व ‘बी’ असे दोन संच असतात. एका संचात नवी प्रणाली आणि दुसऱ्यात जुने फर्मवेअर राहिल्यास पुढील अद्ययावतीकरणानंतर फोन सुरू होत नाही. त्यासाठी काही फोनच्या सूचनांत दोन्ही संच समान करण्याचा टप्पा दिलेला असतो. तो गाळू नये.

जुन्या आवृत्तीकडे परतणे : काही फोन आधीच्या सुरक्षा-पातळीची प्रणाली स्वीकारत नाहीत. मूळ प्रणाली परत बसविताना ती फोनवर शेवटी असलेल्या आवृत्तीहून जुनी नसावी.

७. मर्यादा

पर्यायी प्रणालीमुळे फोन नव्यासारखा होतो हे विधान अंशतःच खरे आहे. अँड्रॉइडच्या खुल्या भागातील सुरक्षा-सुधारणा मिळत राहतात. परंतु चिप, मोडेम व कॅमेरा यांची बंदिस्त आज्ञावली उत्पादकाने जेथे सोडली तेथेच राहते.

दुसरी मर्यादा आर्थिक व्यवहारांची आहे. बँकांची व यूपीआयची अनेक अॅप्स गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ या सेवेद्वारे फोनची अवस्था विचारतात. कुलूप उघडे असल्यास व्यवहार नाकारला जाऊ शकतो. ही तपासणी चुकविण्याच्या क्लृप्त्या उपलब्ध असल्या तरी ज्या फोनवर स्वतःचे बँक खाते आहे त्याचीच संरक्षक तपासणी फसविणे शहाणपणाचे नाही. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये अनधिकृत प्रणाली एकदा चालविली की ‘नॉक्स’ यंत्रणेतील नोंद कायमची बदलते आणि मूळ प्रणाली परत आणूनही ती पूर्ववत होत नाही.

तिसरी बाब कायद्याची आहे. फोनचा आयएमईआय क्रमांक बदलणे हा भारतात गुन्हा आहे. स्थापनेच्या कोणत्याही टप्प्यात त्याची गरज नसते. तसे सुचविणारी कृती तत्काळ सोडून द्यावी. नव्या पेठेतून वा अन्यत्र जुना फोन घेताना तो समक्ष बंद करून पुन्हा सुरू करावा आणि पडद्यावरील पहिली सूचना वाचावी. त्याचप्रमाणे केंद्र शासनाच्या ‘संचार साथी’ या सेवेवर आयएमईआय तपासून घ्यावा.

८. महाविद्यालयीन वापराचा विचार

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. अंगणवाडी सेविकांचे फोन पर्यायी प्रणालीने सुधारले असते काय? फोनमधील अपुरी स्मृती आज्ञावलीने वाढत नाही आणि अॅपची भाषा बदलणे हे अॅपच्या कर्त्याचे काम आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, त्या फोनमध्ये गरोदर माता व बालके यांची माहिती भरली जात होती. अशा फोनचे कुलूप उघडे ठेवणे म्हणजे इतरांच्या माहितीची जोखीम त्यांना न विचारता पत्करणे होय. तेथे योग्य मार्ग सेविकांनी मागितला तोच, म्हणजे पुरेशा क्षमतेचा नवा फोन आणि मराठीतील अॅप हाच होता.

हाच निकष महाविद्यालयास लावता येतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार क्रमांक, गुणपत्रके अथवा उपस्थितीच्या नोंदी ज्या फोनवर हाताळल्या जातात तो हिरव्या अवस्थेतच असावा. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाल्यानंतर ही केवळ सावधगिरीची बाब राहिलेली नाही. याउलट ग्रंथालयातील ई-पुस्तक वाचनाचे साधन, भाषा प्रयोगशाळेतील ध्वनिमुद्रक, भौतिकशास्त्राच्या प्रयोगातील संवेदक किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे सरावयंत्र म्हणून जुना फोन पर्यायी प्रणालीसह उत्तम काम देतो. त्यावर कोणाचेही व्यक्तिगत खाते नसावे, एवढेच पथ्य पाळावे. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. यंत्राचा वापरकाल वाढविणे हे त्या नियमांच्या हेतूशी सुसंगतच आहे.

९. निष्कर्ष

१) आरंभकाळातील इशारा फोनवरील आज्ञावलीची हमी कोण देत आहे ते सांगतो. तो आधी वाचावा, अर्थ लावावा आणि मगच कृती करावी.
२) नारिंगी इशारा पर्यायी प्रणालीचा अपेक्षित परिणाम आहे. पिवळ्या इशाऱ्यात ठसा ताडून पाहावा. लाल इशारा आल्यास काम थांबवून कारण शोधावे.
३) अनधिकृत प्रणाली असताना बूटलोडरला पुन्हा कुलूप लावणे ही टाळता येण्याजोगी, परंतु फोन निकामी करणारी चूक आहे.
४) पर्यायी प्रणाली वापरावी की नाही, याचा निर्णय फोनमध्ये कोणाची माहिती आहे यावरून घ्यावा.

विद्यार्थी हे प्रयोग करणारच, आणि त्यांनी ते करावेत. स्वाक्षरी, ठसा व विश्वासाची साखळी या पाठ्यपुस्तकातील संकल्पना त्यांना या १० सेकंदांच्या पडद्यावर प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. हातात इशारा देणारा फोन घेऊन आलेल्या विद्यार्थ्यास शिक्षकाने प्रथम एवढेच विचारावे : पडद्याचा रंग कोणता आहे आणि तू कुलूप लावलेस की नाही? पुढील मार्ग बहुतेक वेळा त्या उत्तरावरून स्पष्ट होतो.